पोकरचं ब्लाइंड आणि तीनपत्तीचं ब्लाइंड : एका चिंचोक्याचा वाद

मखमलाबादकर
८ ऑक्टोबर, रात्री १०.४५

कोजागिरीला गच्चीवर दूध आटत ठेवायचं आणि सतरंजीवर पत्ते मांडायचे, हे आमच्याकडे लहानपणापासून चालत आलंय. एरवी मेंढीकोट असतो, पोरं जास्त असली तर झब्बू. यंदा पुण्याहून भाचा आला होता, त्याने सगळ्यांना पोकर शिकवायचं ठरवलं. सहा जण बसलो. आईच्या डब्यातले चिंचोके प्रत्येकी १०० मोजून घेतले. दर डावाला दोघांनी आधीच टाकायची रक्कम म्हणजे ब्लाइंड: लहान ब्लाइंड १ चिंचोका, मोठं ब्लाइंड २.

चौथ्या-पाचव्या डावाला मोठं ब्लाइंड धाकट्या काकांवर आलं. त्यांनी २ चिंचोके मधे टाकले. पानं वाटून झाली, पण काकांनी ती उचललीच नाहीत, पालथी ठेवून वर तळहात ठेवला. भाच्याने ६ केले. बाकी सगळ्यांनी पानं टाकून दिली. काकांची पाळी आल्यावर त्यांनी शांतपणे ३ चिंचोके पुढे सरकवले आणि म्हणाले, "ब्लाइंड."

भाचा म्हणाला, "काका, ४ टाका."

काका म्हणाले, "तू पानं बघून ६ लावलेस. मी न बघता खेळतोय. माझी निम्मी चाल, ३."

तिथून जे सुरू झालं ते दूध उतू जाईपर्यंत संपलं नाही. काका नाशिकरोडच्या नोट प्रेसमधून निवृत्त झालेत आणि चाळीस वर्षं लक्ष्मीपूजनाच्या रात्री तीनपत्ती खेळत आलेत. पोरांनी आयत्या वेळी नियम काढून आपल्याला गप्प केलं, असं वाटून ते खाली झोपायला गेले. मला ते फार लागलं. कारण तीनपत्तीच्या नियमाने काका तंतोतंत बरोबर होते, आणि मला त्या वेळी फरक नीट सांगता आला नाही. दोन दिवस त्यावरच विचार करतोय, म्हणून हा धागा.

तीनपत्तीत दोन गोष्टी असतात. एक बूट. पानं वाटायच्या आधी प्रत्येकजण सारखी रक्कम मधे टाकतो. ती पॉटमध्ये, म्हणजे मधल्या ढिगात, गेली की विषय संपला, पुढच्या चालीत ती कुणी वजा करत नाही. दुसरी गोष्ट ब्लाइंड. पानं न बघता खेळणारा ब्लाइंड. पानं बघितलेल्याने जेवढं लावलं त्याच्या निम्म्यात त्याचं भागतं, कारण तो अंधारात खेळायचा धोका पत्करतो.

पोकरमध्ये ब्लाइंड हा शब्द तोच, अर्थ मात्र वेगळा. आम्ही खेळलो तो पोकरचा प्रकार टेक्सास होल्डेम: प्रत्येकाच्या हातात दोन पानं, मग मधे सगळ्यांची सामाईक पानं उघडत जातात, आधी तीन. त्यात वाटणाऱ्यासमोर एक गोल चकती असते, तिला बटन म्हणतात. बटनच्या डावीकडचा पहिला माणूस लहान ब्लाइंड भरतो, त्याच्या डावीकडचा मोठं. बाकीचे त्या वेळी काहीच भरत नाहीत. लहान ब्लाइंड बहुतेक ठिकाणी मोठ्याच्या निम्मं असतं. ही रक्कम पानं हातात यायच्या आधी टाकावी लागते, म्हणून ती आंधळी. पण पानं आल्यावर ती दोघं खुशाल बघू शकतात, सगळे बघतातच. पैसे आंधळे गेले, माणसाला आंधळं राहायची सक्ती नाही. आणि एखाद्याने हौसेने पानं पालथी ठेवली तरी त्याला सवलत काही मिळत नाही.

दुसरा फरक मला जास्त महत्त्वाचा वाटतो. बुटाचे पैसे मेलेले असतात, ब्लाइंडचे जिवंत. काकांचे २ चिंचोके त्यांच्या नावावर उभे होते. भाच्याने ६ केले तेव्हा काकांना ६ ची बरोबरी करायची होती, पैकी २ आधीच आत होते, म्हणून राहिले ४. काकांनी बुटाच्या हिशोबाने आधीचे २ सोडून दिले आणि तीनपत्तीच्या ब्लाइंडच्या हिशोबाने ६ चे निम्मे ३ टाकले. एकूण ५ झाले. अडलं होतं ते एका चिंचोक्यावर, पण त्या एका चिंचोक्यात दोन खेळांचे दोन वेगळे नियम गुंतलेले होते.

मला हे काकांना त्यांच्या भाषेत सांगायचंय. इथे दोन्ही खेळ जाणणारे असतील तर भर घाला. आमच्या घरात आता हा खेळ राहणार आहे आणि तो नीट खेळला जावा असं मनापासून वाटतं.

द्राक्षबाग
८ ऑक्टोबर, रात्री ११.२०

आमच्याकडे पिंपळगावला अगदी हाच घोळ झाला होता. "मेलेले आणि जिवंत पैसे" हे एकदम पटलं. उद्या वडिलांना वाचून दाखवतो.

इस्पिक_राणी
९ ऑक्टोबर, सकाळी ७.५०

छान लिहिलंय. एक शंका. मग पोकरमध्ये आपल्या बुटासारखं काहीच नसतं का? सगळ्यांनी थोडं थोडं टाकायचं, हेच मला जास्त न्यायाचं वाटतं. दोघांनीच का भरायचं?

जुना_भिडू
९ ऑक्टोबर, सकाळी ९.१५

असतं ना. त्याला अँटी म्हणतात. अँटी म्हणजे सरळ आपला बूट: प्रत्येकाने टाकायचा, पॉटमध्ये जायचा, पुढच्या बरोबरीत मोजायचा नाही.

होल्डेमच्या साध्या घरगुती बैठकीत अँटी सहसा नसते, पण स्पर्धांमध्ये काही फेऱ्यांनंतर ब्लाइंड आणि अँटी दोन्ही चालतात. अलीकडच्या काळात एक सुधारणा आली आणि ती मला फार आवडते. दर डावाला नऊ जणांकडून एकेक चिल्लर गोळा करायची, कुणी टाकली कुणी नाही यावर हुज्जत घालायची, यापेक्षा सगळ्यांची अँटी मोठ्या ब्लाइंडवाल्याने एकट्याने भरायची. रक्कम बहुतेक एका मोठ्या ब्लाइंडएवढी. पाळी फिरत राहते, त्यामुळे फेरी पूर्ण झाली की सगळ्यांनी सारखंच भरलेलं असतं. समजा मोठं ब्लाइंड २ आहे, तर त्या जागेवरचा माणूस एकूण ४ टाकेल. पण त्यातले २ जिवंत आणि २ मेलेले. मखमलाबादकरांच्या काकांना हे उदाहरण द्या, दोन्ही प्रकार एकाच माणसासमोर दिसतात.

आता दुसरा भाग. "दोघांनीच का" याला उत्तर असं की ते दोघे दर डावाला बदलतात. बटन दर डावानंतर डावीकडे एक घर सरकतं, घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने. सहा जण असतील तर सहा डावांत प्रत्येकजण एकदा मोठं आणि एकदा लहान भरतो. आधी मोठं येतं, पुढच्या डावाला लहान, मग बटन. म्हणजे दोन डाव भरलंत की तिसऱ्या डावाला टेबलावरची सगळ्यात चांगली जागा तुमची. बटनवाला पैसे लावायच्या पहिल्या फेरीनंतर (मधली पानं उघडायच्या आधीची ती पहिली) प्रत्येक वेळी सगळ्यांच्या शेवटी बोलतो, सगळ्यांचं ऐकून निर्णय घेतो. ब्लाइंड म्हणजे त्या जागेचं आगाऊ भाडं, असं मी नवीन मुलांना सांगतो.

सिडको_सहावी_स्कीम
९ ऑक्टोबर, दुपारी १.०५

मला मुळात सक्तीच पटत नाही. पानं वाईट आली तर टाकून द्यायची मोकळीक हीच तर या खेळातली खरी अक्कल आहे. मग अक्कल वापरणाऱ्याच्या खिशातून दर फेरीला पैसे का काढायचे? ब्लाइंड न ठेवता खेळलं तर काय बिघडतं? ज्याला लावायचं तो लावेल.

गणिताचे_मास्तर
९ ऑक्टोबर, रात्री ९.३०

सिडकोवाले, तुमचा प्रश्न या धाग्यातला सगळ्यात चांगला प्रश्न आहे, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

ब्लाइंड नाही, अँटी नाही, मधे शून्य चिंचोके, असं समजा. मी १० लावले. तुम्ही कशाला याल? मधे जिंकण्यासारखं काहीच नाही, आहेत ते फक्त माझे १०, आणि मी ते चांगल्या पानांशिवाय लावणार नाही हे तुम्हाला माहीत आहे. मग तुम्ही माझ्यापेक्षा चांगली पानं असतील तरच येणार. हे मला कळतं, म्हणून मी अजून चांगल्या पानांची वाट बघणार. तेही तुम्हाला कळतं. असं करत करत शेवटी टेबलावरचा प्रत्येकजण दोन एक्के येईपर्यंत पानं टाकत राहील. दोन एक्के असलेल्यानेही लावले तर बाकीचे हसून पानं टाकतील. रात्रभर नुसतं पिसणं आणि वाटणं चालेल.

मधे ३ चिंचोके पडले की चित्र पालटतं. ते कुणाचेच नाहीत आणि कुणाचेही होऊ शकतात. आता लावण्याला कारण आहे. आणि तुम्ही लावताय म्हटल्यावर तुम्हाला अडवायलाही कारण आहे. पोकरमधली प्रत्येक चाल, प्रत्येक थाप, या तीन चिंचोक्यांपासून सुरू होते.

आता "नुसती वाट बघणाऱ्या"चा हिशोब मांडू. सहा जण, प्रत्येकी १०० चिंचोके, ब्लाइंड १ आणि २. एका फेरीला, म्हणजे सहा डावांना, प्रत्येकाचे ३ जातात. एकाने ठरवलं की दोन एक्क्यांशिवाय हात लावायचा नाही. ३३ फेऱ्यांत त्याचे ९९ गेले. ३३ फेऱ्या म्हणजे १९८ डाव. आणि दोन एक्के किती वेळा येतात? ५२ पानांतून दोन पानांच्या १३२६ जोड्या होतात, त्यातल्या ६ एक्क्यांच्या. म्हणजे सरासरी २२१ डावांत एकदा. त्याचे चिंचोके १९८ डावांत संपतात. मी गणित करून पाहिलं: असा माणूस १०० पैकी साधारण ४१ वेळा एक्क्यांची जोडी न बघताच रिकामा होईल. उरलेल्या वेळी एक्के आले तरी, दोन तास गप्प बसलेला माणूस अचानक लावतोय म्हटल्यावर कोण येणार आहे? फार तर मधले ३ मिळतील.

पानं टाकायची अक्कल हवीच. पण फक्त टाकण्याची अक्कल असेल तर तिची किंमत मोजावी लागते, आणि ती किंमत म्हणजे ब्लाइंड.

सिडको_सहावी_स्कीम
९ ऑक्टोबर, रात्री १०.१०

मधे शून्य असेल तर कुणी कशाला लावेल, हा विचारच केला नव्हता. मान्य. पटलं.

चिवडा_दही
१० ऑक्टोबर, सकाळी ८.००

मास्तरांना +१. वाचनखूण साठवली.

पाथर्डी_फाटा
१० ऑक्टोबर, सकाळी ११.४०

धागा माहितीपूर्ण आहे, पण काळजीपोटी विचारतो. हे सगळं पैसे लावून चाललं तर कायद्याचं काय? माझ्या ओळखीतल्या एका मुलाने मोबाइलवर बरंच गमावलंय, म्हणून विचारलं.

मखमलाबादकर
१० ऑक्टोबर, दुपारी १२.३०

विचारलंत ते बरं केलंत. आमच्या घरी एक रुपयाही लागत नाही, चिंचोके रात्री पुन्हा डब्यात जातात. महाराष्ट्रात जुगारबंदीचा कायदा १८८७ पासूनचा आहे. आणि ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर बंदी घालणारा कायदा केला. त्यात कौशल्याचा खेळ की नशिबाचा, असा भेद ठेवलेला नाही. त्यामुळे या धाग्यावर कुणी ॲप, साइट, पैशांच्या बैठका यांची चौकशी करू नये ही विनंती. तुमच्या ओळखीतल्या मुलाबद्दल वाचून वाईट वाटलं.

पोकर हा डोक्याचा खेळ म्हणून मला आवडतो आणि चिंचोक्यांवर तो तेवढाच रंगतो. अट एकच, चिंचोके मोजून द्यायचे आणि संपले की संपले, डब्यातून परत घ्यायचे नाहीत. नाहीतर ब्लाइंडला अर्थ राहत नाही.

इस्पिक_राणी
१० ऑक्टोबर, संध्याकाळी ६.१५

काल रात्री आम्ही मैत्रिणी इंदिरानगरला बसलो होतो, शेंगदाण्यांवर. (दर डावाला पॉट थोडा कमी होत होता, त्यामुळे पुढच्या वेळी चिंचोकेच.) दोन प्रश्न पडले.

एक, लहान ब्लाइंडवर असताना मी दर वेळी अजून १ टाकून खेळात राहत होते. अर्धे तर गेलेलेच आहेत, मग सोडायचे कशाला? पण शेवटी सगळ्यात जास्त मीच हरले.

दोन, मोठं ब्लाइंड माझ्यावर होतं, कुणीच वाढवलं नाही, सगळ्यांनी २-२ टाकले. मैत्रिणीने लगेच पुढची तीन पानं उघडली. मला वाढवायचं होतं. ती म्हणाली, तू तर आधीच भरलेस, तुझी पाळी कुठे येते?

जुना_भिडू
१० ऑक्टोबर, रात्री ८.५०

आधी दुसरा, कारण त्यात तुमच्यावर अन्याय झालाय. मोठ्या ब्लाइंडवाल्याची पाळी असतेच. पानं बघण्याआधी सक्तीने टाकलेली रक्कम ही त्याची चाल धरत नाहीत. पहिल्या फेरीत बोलायला सुरुवात मोठ्या ब्लाइंडच्या डावीकडच्या माणसापासून होते आणि शेवट मोठ्या ब्लाइंडवर. सगळ्यांनी नुसती बरोबरी केली असेल तर तो "चेक" म्हणून फुकट पुढे जाऊ शकतो किंवा वाढवू शकतो. याला त्याचा ऑप्शन म्हणतात. वाटणाऱ्याने पानं उघडायच्या आधी त्याच्याकडे बघायलाच हवं. तीन पानं उघडल्यानंतर क्रम बदलतो, तिथून लहान ब्लाइंड आधी बोलतो आणि बटन शेवटी.

आता पहिला. "अर्धे गेलेलेच आहेत" हे जे मनात येतं ना, ते मनातून काढायला मला दोन वर्षं लागली. टाकलेला चिंचोका तुमचा राहिलेला नाही, तो पॉटचा आहे. त्याला वाचवायला म्हणून दुसरा टाकायचा नसतो. आणि लहान ब्लाइंड ही सगळ्यात अवघड जागा आहे, कारण पुढच्या प्रत्येक फेरीत तुम्हाला सगळ्यांच्या आधी बोलावं लागतं. माझा सल्ला, अधली-मधली पानं असतील तर सरळ टाका.

गणिताचे_मास्तर
१० ऑक्टोबर, रात्री १०.०५

भिडू, पहिलं वाक्य शंभर टक्के मान्य. निष्कर्ष अर्धाच मान्य.

टाकलेला चिंचोका आपला नाही, बरोबर. पण तो पॉटमध्ये आहे, आणि पॉट मोठा असला की आत यायला स्वस्त पडतं, हेही तितकंच खरं. बाकी सगळ्यांनी पानं टाकली, फक्त लहान आणि मोठं ब्लाइंड उरलं. मधे ३ आहेत, लहान ब्लाइंडला १ टाकायचा आहे. १ देऊन एकूण ४ चा पॉट होतो. म्हणजे चारातून एकदा जिंकलात तरी ना नफा ना तोटा. २५ टक्के ताकद, म्हणजे जिंकायची शक्यता, बऱ्याच पानांत असते. आधी बोलायचा तोटा धरला तरी तिथे सगळंच टाकून देणं महागात पडतं.

इस्पिक राणी, तुम्ही हरलात त्याचं कारण बहुधा वेगळं आहे. तुम्ही पानं न बघता "अर्धे गेले" म्हणून येत होतात आणि पुढे तीन पानं उघडल्यावरही सुटत नव्हतात. १ चिंचोक्याने आत येणं स्वस्त, पण नंतर रिकाम्या पानांवर १०-१५ देणं महाग.

मोठ्या ब्लाइंडला तर आणखी स्वस्त पडतं. बटनवाल्याने ४ केले, लहान ब्लाइंडने टाकून दिली. मधे ४ + १ + २ = ७. मोठ्या ब्लाइंडला अजून २ द्यायचेत, एकूण ९ चा पॉट. ९ पैकी २, म्हणजे साधारण २२ टक्के. वर भिडूंनी सांगितलेली अँटी, २ चिंचोक्यांची, असती तर पॉट ११ चा, आणि लागणारी ताकद १८ टक्क्यांवर. म्हणून मोठ्या ब्लाइंडवरून लोक इतकी साधी पानं घेऊन येतात. त्यात हट्ट नसतो, सरळ भावाचा हिशोब असतो.

आणि हाच भाव उलट्या बाजूने बघा. बटनवाला ३ चिंचोके उचलायला ५ लावतो. दोन्ही ब्लाइंडवाल्यांनी पानं टाकली तर ३ मिळाले, पुढचं काही न बघता हा डाव बरोबरीत सुटायला ८ पैकी ५ वेळा, म्हणजे ६२.५ टक्के वेळा, दोघांनी टाकायला हवीत. मधे अँटीचे २ जास्त असतील तर ५ लावून ५ मिळतात, निम्म्या वेळा पुरे. नुसत्या दोन मेलेल्या चिंचोक्यांनी सगळं टेबल जागं होतं.

देवळालीकर
११ ऑक्टोबर, सकाळी १०.२०

स्ट्रॅडलबद्दल कुणी लिहिलं नाही. मोठ्या ब्लाइंडच्या पुढचा माणूस पानं बघायच्या आधी मोठ्याच्या दुप्पट, इथे ४, टाकतो. ही सक्ती नाही, हौस आहे. बदल्यात पहिल्या फेरीत त्याला शेवटी बोलायला मिळतं. आमच्या बैठकीत कुणी ना कुणी दर फेरीला टाकतोच, खेळ एकदम तापतो.

जुना_भिडू
११ ऑक्टोबर, सकाळी ११.००

तापतो खरा, पण नवीन लोकांच्या टेबलावर मी तो ठेवू देत नाही. १०० चिंचोके म्हणजे ५० मोठी ब्लाइंड. स्ट्रॅडल आला की बरोबरीला ४ लागतात, म्हणजे तेच १०० एकदम २५ वर आले. शिकणाऱ्याला विचार करायला जागाच राहत नाही. ज्याने काहीच ठरवलेलं नाही त्याचाही डाव महाग होतो.

द्राक्षबाग
११ ऑक्टोबर, दुपारी ३.३०

आमच्याकडे रात्री दोन-दोन वाजेपर्यंत खेळ संपत नाही, सकाळी बागेत औषध मारायला जायचं असतं. काय करावं?

गणिताचे_मास्तर
११ ऑक्टोबर, संध्याकाळी ५.००

ब्लाइंड वाढवत न्या. दर १५-२० मिनिटांनी गजर लावा: १ आणि २, मग २ आणि ४, ३ आणि ६, ५ आणि १०, १० आणि २०. सहा जणांचे मिळून टेबलावर ६०० चिंचोके आहेत, ते वाढत नाहीत. मोठं ब्लाइंड २ असताना टेबलावर सगळ्यांचे मिळून ३०० मोठी ब्लाइंड होतात. २० झालं की तेच ६०० म्हणजे फक्त ३०. कुणालाही बसून राहता येत नाही.

आपल्याकडे किती वेळ उरलाय हे बघायला एक सोपं माप आहे. आपले चिंचोके भागिले एका डावाला मधे पडणारी सक्तीची एकूण रक्कम, म्हणजे दोन्ही ब्लाइंड आणि अँटी. ६० चिंचोके आहेत, ब्लाइंड ५ आणि १०, तर ६० भागिले १५, म्हणजे ४ फेऱ्यांचं आयुष्य. याला "एम" म्हणतात, बॅकगॅमन आणि पोकरचे जाणकार पॉल मॅग्रिएल यांच्या नावावरून. एम २० असेल तर निवांत खेळा. ५ च्या खाली आला की चांगल्या पानांची वाट बघायची चैन संपली.

पाथर्डी_फाटा
१२ ऑक्टोबर, सकाळी ९.४५

आता मलाही रस आला. मोठं ब्लाइंड २ आहे आणि माझ्याकडे १ च चिंचोका उरलाय. मग मी बाद?

मखमलाबादकर
१२ ऑक्टोबर, सकाळी १०.३०

नाही. तुम्ही तो १ टाकायचा, तुमचं सगळं आत गेलं, डाव मात्र पूर्ण खेळायचा. बाकीच्यांना बरोबरी करायला २ च लागतील, तुमच्याकडे १ आहे म्हणून त्यांना स्वस्त होत नाही. समजा तिघांनी २-२ टाकले. त्यातले प्रत्येकाचा १ आणि तुमचा १, असा ४ चा मुख्य पॉट. उरलेले ३ बाजूला, साइड पॉट. तुमची पानं सगळ्यात भारी निघाली तर ४ तुमचे, साइड पॉट त्या तिघांत जो भारी त्याचा. जेवढं लावलं तेवढंच प्रत्येकाकडून जिंकता येतं.

भाच्याने आणखी एक सांगितलं. दोघेच उरले की नियम उलटतो: बटनवालाच लहान ब्लाइंड भरतो, पहिल्या फेरीत आधी बोलतो, नंतरच्या फेऱ्यांत शेवटी. नेहमीच्या क्रमाने गेलं असतं तर बटनवाला सगळ्याच फेऱ्यांत शेवटी बोलला असता आणि समोरच्याची कोंडी झाली असती.

देवळालीकर
१२ ऑक्टोबर, दुपारी १२.१५

मधेच कुणी बाद झाला की ब्लाइंड कुणावर यावर आमच्याकडे हमखास भांडण होतं. लहान ब्लाइंडवाला बाद झाला. मग बटन कुठे?

जुना_भिडू
१२ ऑक्टोबर, दुपारी २.००

एकच गोष्ट लक्षात ठेवा: मोठं ब्लाइंड दर डावाला पुढच्या माणसावर जातं, ते कुणाचं चुकत नाही आणि कुणावर लागोपाठ दोनदा येत नाही. बाकी सगळं त्यामागून येतं. तुमच्या उदाहरणात आधीचा मोठा ब्लाइंडवाला आता लहान भरेल, पुढचा माणूस मोठं. बटन बाद झालेल्याच्या रिकाम्या जागेसमोर ठेवायचं. याला डेड बटन म्हणतात. मोठा ब्लाइंडवाला बाद झाला असेल तर पुढच्या डावाला लहान ब्लाइंड कुणीच भरत नाही. एका डावापुरतं विचित्र दिसतं, पण सगळ्यांचा भरणा सारखा राहतो.

अवांतर: सगळ्याच पोकरमध्ये ब्लाइंड नसतात. सेव्हन कार्ड स्टडमध्ये आधी सगळे अँटी टाकतात. मग दोन पानं पालथी आणि एक उघडं मिळतं, आणि ज्याचं उघडं पान सगळ्यात हलकं त्याला सक्तीने सुरुवात करावी लागते. त्याला ब्रिंग-इन म्हणतात. दोघांची दुर्री असेल तर रंग बघतात: किलवर सगळ्यात खाली, मग चौकट, बदाम, वर इस्पिक. तिथे सक्ती जागेवरून न ठरता पानावरून ठरते.

मखमलाबादकर
२३ ऑक्टोबर, रात्री ९.१०

उशिरा लिहितोय, दिवाळीत वेळ झाला नाही.

लक्ष्मीपूजनाच्या रात्री आधी काकांच्या पद्धतीने तीनपत्ती झाली, चिंचोक्यांवरच. बूट टाकताना मी मुद्दाम म्हणालो, "काका, हा मेला." ते म्हणाले, "मेलाच की. बूट कधी परत येतो का?" मग पोकर मांडला. काकांवर मोठं ब्लाइंड आलं, त्यांनी २ टाकले. मी म्हणालो, "काका, हे दोन जिवंत आहेत, तुमच्या नावावर उभे आहेत." त्यांनी माझ्याकडे बघितलं, मग त्या दोन चिंचोक्यांकडे. जुन्या भिडूंचं उदाहरणही दिलं, दोन जिवंत, दोन मेलेले. त्यांनी चार चिंचोके स्वतः दोन-दोनच्या ढिगात मांडून बघितले आणि भाच्याला विचारलं, "म्हणजे त्या दिवशी मी चारच द्यायला हवे होते?" भाचा म्हणाला, "हो. पण तीनपत्तीत तुमचंच बरोबर होतं."

त्यानंतर काका दर वेळी पानं उचलून बघायला लागले. तासाभराने पुन्हा त्यांच्यावर मोठं ब्लाइंड आलं. चौघांनी २-२ टाकले, कुणी वाढवलं नाही, आणि भाच्याने पुढची तीन पानं उघडायला हात लावला. काकांनी तळहात कॅटवर ठेवला.

"थांब. माझं बोलून व्हायचंय."

आणि १२ केले.